झिजलेला खांदा

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, पण तुमच्या घरच्या स्कूटरचा नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गॅरेजात येणारा जो तो मला पाहून एकच विचारतो, की हा इतका गुळगुळीत होईपर्यंत वापरला तरी कसा? मला त्याचा भयंकर राग येतो. मी वापरून गुळगुळीत झालेलो नाही, मी जन्मतःच टकला आहे. शर्यतीच्या मोटारसायकलचा मागचा टायर आहे मी. कोरड्या ट्रॅकवर धावणाऱ्या आमच्यासारख्यांना नक्षी नसते, खाचा नसतात. जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकावं म्हणून आम्हाला असं कोरं ठेवतात. पाऊस पडला की आम्ही बिनकामाचे, हे मात्र मान्य करतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, काजळी, गंधक आणि तेल एकत्र मळून माझं अंग तयार झालं. आत कापडाचे थर घातले, कडांना पोलादी तारा दिल्या आणि मग मला तापलेल्या साच्यात कोंडलं. बाहेर आलो तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या. तपासणीच्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. त्या शेजारणीशी मुलाच्या तापाबद्दल बोलत होत्या, पण त्यांचा तळहात माझ्या अंगावरून फिरत होता. एका ठिकाणी तो थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. मग त्यांनी मला एक थाप मारून पुढे ढकललं. माझ्या आयुष्यातला तो पहिला तळहात. टायरला डोळ्यांपेक्षा हात जास्त ओळखतो, हे मला त्याच दिवशी कळलं.

गोदामात काही महिने काढल्यावर मी या गॅरेजात आलो. रस्त्याकडेचं साधं गॅरेज आहे हे. पुढे गाड्या उभ्या करायची जागा, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. मिस्त्री आठवडाभर लोकांच्या स्कूटरी दुरुस्त करत. त्यांची बायको, जिला सगळे बाई म्हणत, शाळेची बस चालवायची. मिस्त्रींची आई, म्हणजे बाईंच्या सासूबाई, या दोघांवर लक्ष ठेवायच्या. सुट्टीच्या दिवशी हे तिघं टेम्पोत मोटारसायकल घालून शहराबाहेरच्या ट्रॅकवर जायचे. मिस्त्री गाडी तयार करायचे, सासूबाई ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी कितवा नंबर आहे ते लिहून दाखवायला खडू आणि पाटी घेऊन उभ्या राहायच्या, आणि शर्यतीत गाडी चालवायच्या त्या बाई. नवा माणूस आला की तो हमखास हेल्मेट मिस्त्रींच्या हातात द्यायला जायचा. मिस्त्री ते हसत हसत बायकोच्या हातात द्यायचे आणि त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

बाईंचं सगळंच अजब होतं. आठवडाभर त्या बस इतकी हळुवार चालवायच्या, की मागच्या बाकावरची मुलं झोपी जायची. एखाद्याने पाण्याची बाटली उघडी ठेवली तरी थेंब सांडायचा नाही. पण ट्रॅकवर पोचल्या की त्यांच्या अंगात यायचं. गाडी वळणावर पुरती कललेली असतानाच त्या जोरात थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, पिळायच्या. अशा वेळी मागचं चाक जागच्या जागी गरगरतं आणि टायरचे लचके निघतात. पहिल्या दहा फेऱ्यांत त्या सगळ्यांना पाणी पाजायच्या. नंतरच्या दहा फेऱ्यांत एकेक जण त्यांना मागे टाकून जायचा, कारण तोवर मागच्या टायरमध्ये जीवच उरलेला नसायचा. त्यांच्याच गटात एक दातांचे डॉक्टर होते. स्वभावाने बरे, पण जिभेला हाड नाही. त्यांनी बाईंना ‘रबरखाऊ’ असं नाव पाडलं होतं, आणि ते ट्रॅकभर झालं होतं.

इथे थोडं समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत आणि पुढचं संकट दोन्ही कळेल. मोटारसायकल सरळ जाते तेव्हा टायरचा मधला भाग जमिनीला टेकतो. ती उजवीकडे कलली की उजवा खांदा टेकतो आणि डावीकडे कलली की डावा. आमच्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त. त्यातलं एक तर इतकं लांब, की कललेली गाडी लवकर सरळच होत नाही. त्यामुळे प्रत्येक टायरचा उजवा खांदा आधी झिजायचा आणि डावा नवाच्या नवा राहायचा. मिस्त्रींनी यावर उपाय काढला होता. शर्यतीहून आलं, की ते टायर रिमवरून उतरवायचे, फिरवायचे आणि पुन्हा चढवायचे. म्हणजे झिजलेला खांदा डावीकडे जायचा आणि ताजा खांदा उजवीकडे कामाला यायचा. आमच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. पण ट्रॅकवरच्या टायरवाल्याला विचारून मिस्त्रींनी खात्री केली होती, की आमच्या जातीच्या टायरला हे चालतं. सगळ्यांना चालत नाही, तेव्हा तुम्ही विचारल्याशिवाय असलं काही करू नका.

मिस्त्री टायरला तळहाताच्या फोडासारखं जपायचे. कधी कधी जरा जास्तच. धावायच्या आधी आम्हाला गरम ठेवायला विजेची एक दुलई गुंडाळतात. बायकोला थंड टायर मिळू नये म्हणून मिस्त्री ती दुलई सकाळपासूनच चालू करून ठेवायचे. बाई त्यांना सांगायच्या, की अहो, टायर पुन्हा पुन्हा तापला आणि निवला की त्याचं रबर कडक होतं. मिस्त्री मान डोलवायचे आणि त्या पाठमोऱ्या झाल्या की पुन्हा बटण दाबायचे. काळजी म्हणजे आपण काहीतरी करत राहणं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बायकोला न विचारता तिच्यासाठी दहा गोष्टी करून ठेवणं, यातच त्यांना धन्यता वाटायची.

मी आलो तेव्हा वर्ष संपत आलं होतं. दोनच शर्यती उरल्या होत्या. बाई खालच्या गटात धावत, आणि त्यांना वरच्या गटात जायचं होतं. वरच्या गटात नव्या माणसाला चाळिशीनंतर घेत नाहीत, असा तिथल्या क्लबचा नियम. बाईंना पुढच्या हंगामाआधी चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. शेवटच्या शर्यतीत पहिल्या सहांत आलं तरच वर जाता येणार, नाहीतर तो दरवाजा कायमचा बंद. बाई याबद्दल फारसं बोलत नसत. पण गॅरेजाच्या भिंतीवर त्यांनी वरच्या गटाच्या ट्रॅकचा एक नकाशा चिकटवला होता आणि भाजी निवडताना त्या त्याच्यासमोर बसायच्या.

शेवटच्या शर्यतीची या क्लबात एक जुनी रीत होती. क्लब काढणाऱ्या म्हाताऱ्या रायडरचं म्हणणं असं, की नव्या टायरवर कुणीही पळेल, वर्षाच्या शेवटी कळलं पाहिजे की राखून कोण चालवतो. म्हणून शेवटच्या शर्यतीला नवा मागचा टायर चालत नसे. आधीच्या शर्यतीत जो वापरला, तोच लावायचा. आणि ती शर्यत उलट्या दिशेने व्हायची. वर्षभर ज्या ट्रॅकवर उजवीकडे वळलात, तिथेच त्या दिवशी डावीकडे वळायचं. सवयीवर चालवणारा आणि डोळे उघडे ठेवून चालवणारा, यांतला फरक त्या दिवशी दिसायचा.

आधीच्या शर्यतीत मी पहिल्यांदा धावलो. ती नेहमीच्या दिशेने होती. काय सांगू मित्रांनो, पहिल्या फेऱ्या म्हणजे नुसता वारा. बाई सगळ्यांच्या पुढे होत्या आणि मला वाटलं, माझा जन्म यासाठीच झाला आहे. मग त्या लांब उजव्या वळणावर माझ्या खांद्याचे लचके निघायला लागले. बारीक बारीक काळ्या गुंडाळ्या मागे पडत होत्या. मी दात ओठ खाऊन जमीन धरून ठेवली, म्हणजे मला दात असते तर खाल्ले असते. शेवटी बाई आठव्या आल्या. तपासनीसांनी माझ्या कडेला रंगाचा एक ठिपका दिला, की शेवटच्या शर्यतीला हाच टायर. डॉक्टर जाता जाता म्हणून गेले, की बाई, एवढं रबर खाऊन पचतं कसं तुम्हाला?

त्याच दिवशी घरी आल्यावर मिस्त्रींनी मला उतरवलं, फिरवलं आणि पुन्हा रिमवर चढवलं. वर्षभर करत आले होते तसंच. त्यांचे हात कामात होते आणि तोंडाने ते डॉक्टरांना नावं ठेवत होते. बाई आत स्वयंपाक करत होत्या. मिस्त्रींनी त्यांना काही विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. पुढची शर्यत उलटी आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण ते डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं. मला कळत होतं, पण टायरला तोंड कुठलं.

शेवटच्या शर्यतीचा दिवस उजाडला. सकाळी तपासनीसांनी सगळ्यांच्या मागच्या चाकांवर एक पांढरी रेघ ओढली. निम्मी रेघ टायरवर, निम्मी रिमवर. एकदा ती रेघ आली की टायर रिमवरून हलवायचा नाही. मिस्त्रींनी मला दुलई गुंडाळली आणि समाधानाने हात पुसले. तेवढ्यात सासूबाई कुरकुरत आल्या. आज गाड्या दुसऱ्या बाजूने येणार म्हणून पाटी घेऊन उभं राहायची त्यांची जागा बदलली होती, आणि तिथे नेमकं ऊन होतं.

सासूबाई खुर्चीत टेकल्या, पाटी मांडीवर घेतली आणि सहज म्हणाल्या, “अरे, आज सगळ्यांना डावीकडे वळायचंय ना? मग याची घासलेली बाजू कुठल्या अंगाला आलीय?”

मिस्त्री लगेच चाकापाशी आले. त्यांनी दुलई बाजूला केली. डाव्या खांद्यावर हात ठेवला. तो खरखरीत होता. मग उजव्या खांद्यावर ठेवला. तो लोण्यासारखा मऊ आणि कोरा होता. मी जसा होतो तसाच मला ठेवलं असतं, तर आज माझा ताजा खांदा आपोआप डावीकडे असता. मिस्त्रींनी काळजीने, आपल्या हातांनी, झिजलेला खांदा नेमका तिथे आणून ठेवला होता, जिथे आज सगळा भार पडणार होता. आणि वर पांढरी रेघ आली होती.  मिस्त्री चाकाशेजारी खालीच बसले.

बाई उलट्या दिशेने ट्रॅकवर एक चक्कर मारून, वळणं नीट पाहून चालत परत आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्या थांबल्या. मिस्त्रींनी काहीही लपवलं नाही. जे झालं होतं ते सरळ सांगितलं आणि म्हणाले, की आपण नाव मागे घेऊ, त्या लांब वळणावर हा सुटला तर काय करायचं, मला ते बघवणार नाही.  सासूबाई एरवी मुलाला फाडून खायच्या, पण त्या वेळी त्यांनी त्याला पाणी आणून दिलं.

मला वाटलं, आता बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. सुटला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण त्या माझ्याजवळ उकिडव्या बसल्या, हातमोजा काढला आणि तळहात माझ्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. झिजलेल्या खांद्यावर हात थांबला. मग मधल्या भागावर आला आणि तिथे जास्त वेळ राहिला. कारखान्यातल्या त्या बाईंचा हात मला आठवला.

“मधला भाग शाबूत आहे,” त्या म्हणाल्या.

“मधला एकदम चांगला आहे. पण वळणावर मधला कुठे टेकतो?”

“गाडी कमी कलवली तर टेकतो. मी गाडीऐवजी स्वतःच जास्त कलते. वळण संपत आलं की गाडी लवकर सरळ करते आणि मगच थ्रॉटल देते. अहो, वर बघा. हा दोनदा जरी घसरला तरी मी शर्यत सोडून आत येईन. शब्द देते. पण न जाता घरी जायचं नाही.”

मिस्त्रींनी मान हलवली आणि उठले. आता रडत बसून घोडं पुढे जाणार नव्हतं. त्यांनी दुलई वेळेआधी काढायची नाही आणि वेळेनंतर ठेवायची नाही असं ठरवलं. मी तापल्यावर माझ्यातली हवा मोजली, कारण थंडपणी मोजलेली हवा तापल्यावर वाढते आणि तिथेच लोक फसतात. मागच्या शॉकअपचा स्क्रू त्यांनी थोडा सैल केला, पण या वेळी आधी बाईंना विचारलं, की करू का? बाई हो म्हणाल्या. मी मनाशी खूणगाठ बांधली, की आज एक काळी गुंडाळी फुकट जाऊ द्यायची नाही.

बाईंनी हेल्मेट घातलं तेव्हा सासूबाई जवळ आल्या. हेल्मेटची काच वर करून त्यांनी सुनेच्या डोळ्यांत बघितलं.

“ऐक. मागे पोरं उभी आहेत असं समज,” त्या म्हणाल्या. “बाटल्या उघड्या आहेत त्यांच्या.”

बाई हेल्मेटच्या आत हसल्या असाव्यात, कारण गाडी किंचित हलली.

शर्यत सुटली आणि सगळे आमच्या अंगावरून गेल्यासारखे पुढे गेले. एरवी पहिल्या वळणाला बाई पुढे असायच्या. आज तिथे पोचेपर्यंत आमच्या पुढे अकरा गाड्या होत्या. डॉक्टर तर जाताना मान वळवून बघून गेले, की रबरखाऊला आज भूक नाही की काय. भिंतीपाशी उभे असलेले लोक हसत होते. आणि मी? मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला थ्रॉटलवर एक वेगळाच हात जाणवला. तो ट्रॅकवरचा हात नव्हता. तो बसवरचा हात होता. ताकद अशी यायची, की कधी सुरू झाली ते कळायचं नाही. ब्रेकसुद्धा असा लागायचा, की अंगाला हिसका बसायचा नाही. वळणावर बाईंचं अख्खं शरीर आतल्या बाजूला लटकत होतं, गुडघा जमिनीला टेकत होता, पण गाडी स्वतः कमी कलली होती. माझा झिजलेला खांदा अगदी थोडा वेळ जमिनीला लागायचा आणि लगेच गाडी सरळ व्हायची, की मी मधल्या भागावर येऊन श्वास घ्यायचो.

दर फेरीला भिंतीपाशी सासूबाईंची पाटी दिसायची. बाकीच्यांच्या पाट्यांवर आकडे होते. सासूबाईंच्या पाटीवर दोनच शब्द होते, “पोरं उभी.” शेजारच्या मंडळींना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

लांब डावं वळण मात्र सोपं नव्हतं. तिथे कितीही राखलं तरी खांद्यावर भार येणारच. पाचव्या की सहाव्या फेरीला मी थोडा सरकलो. अगदी बोटभर. बाईंना ते कळलं. त्यांनी पुढच्या फेरीला तिथे आणखी जरा हळू जायचं ठरवलं आणि आणखी एक गाडी पुढे निघून गेली. आम्ही तेरावे झालो. मिस्त्री भिंतीला धरून उभे होते, आणि त्यांनी नंतर सांगितलं, की तेव्हा त्यांनी देवाकडे जागा मागितली नाही, फक्त बायको उभी परत येऊ दे एवढंच मागितलं.

अर्धी शर्यत झाली आणि हळूहळू चित्र बदलायला लागलं. पुढच्या सगळ्यांचे डावे खांदे ताजे होते. ताजं रबर हाताशी असलं की माणूस उधळतो. त्यांनी पहिल्या दहा फेऱ्यांत ते मनसोक्त उधळलं, दुपारच्या तापलेल्या ट्रॅकवर ते भाजून निघालं आणि आता त्यांच्या गाड्या वळणातून बाहेर पडताना माशासारख्या वळवळत होत्या. वर्षभर आमची जी गत व्हायची, ती आज त्यांची झाली. बाईंनी वेग वाढवला नाही. त्या आपल्या त्याच लयीत चालत राहिल्या आणि पुढचे एकेक जण आमच्याजवळ येत गेले. अकरावे, नववे, आठवे. पाटीवर अजूनही “पोरं उभी” होतं. एका ठिकाणी बाईंच्या हाताला जुनी खाज सुटली, थ्रॉटल पिळला जाणार असं मला जाणवलं, पण तो मध्येच थांबला आणि पुन्हा बसचा हात झाला.

शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तेव्हा आम्ही सातवे होतो. आमच्या पुढे दातांचे डॉक्टर. म्हणजे आता सगळं त्या एका माणसावर येऊन थांबलं होतं. तो पुढे राहिला तर भिंतीवरचा तो नकाशा काढून टाकायचा. माझ्या झिजलेल्या खांद्यात आता फार काही उरलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण मधला भाग ठणठणीत होता. जे उरलं होतं ते सगळं द्यायचं, मागचा पुढचा विचार करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

शेवटची फेरी सुरू झाली आणि भिंतीपाशी पाटी बदलली. सासूबाई टाचा उंच करून, दोन्ही हातांनी ती डोक्यावर धरून उभ्या होत्या. त्यावर लिहिलं होतं, “बस रिकामी.”

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पाठीवर जी ताकद आली ती मी जन्मात विसरणार नाही. पण ती उधळलेली ताकद नव्हती. बाईंनी प्रत्येक वळणावर गाडी आधी सरळ केली आणि मग पूर्ण थ्रॉटल दिला. डॉक्टरांच्या आणि आमच्यामधलं अंतर कमी कमी होत गेलं. शेवटचं वळण म्हणजे तेच लांब वळण, आज डावं. डॉक्टरांनी मागे आवाज ऐकला आणि घाबरून गाडी कललेली असतानाच थ्रॉटल पिळला. त्यांचं मागचं चाक जागच्या जागी गरगरलं. मी त्यांच्या टायरचे लचके उडताना पाहिले आणि मला त्या टायरची कीव आली. तेवढ्यात बाईंनी आमची गाडी सरळ केली. मी मधल्या भागावर आलो आणि जमिनीला असा चिकटलो, की बाकी सगळं विसरलो. शर्यतीची शेवटची रेघ ओलांडली तेव्हा आमचं पुढचं चाक त्यांच्या पुढच्या चाकाच्या थोडंसं पुढे होतं. अर्धं चाक म्हणा. आम्ही सहावे आलो.

गाडी थांबल्यावर सगळे बाईंकडे धावले. मिस्त्री माझ्याकडे आले. ते खाली बसले आणि झिजलेल्या खांद्यावर हात ठेवला. एका ठिकाणी रबर संपून आतलं कापड दिसत होतं. आणखी एक फेरी असती तर काय झालं असतं, ते त्यांना आणि मला दोघांनाही कळलं. मी तापून लाल झालो होतो, म्हणजे काळाच होतो, पण मिस्त्रींनी चटका बसला तरी हात उचलला नाही. बाई हेल्मेट काढून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

“अहो, पुढच्या वेळी माझ्यासाठी काही करायचं असलं, तर आधी एकदा विचाराल का?”

“विचारीन,” मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरांनीही येऊन मला हात लावला. त्यांनी झिजलेला खांदा बघितला, मग कुठल्या बाजूला आहे ते बघितलं. त्या दिवसापासून त्यांनी रबरखाऊ म्हणणं सोडून दिलं. आता ते बाईंना बसवाल्या बाई म्हणतात, आणि तेही जरा आदरानेच.

पुढचं तुम्हाला वाटतं तसं गोड नाही. बाई वरच्या गटात गेल्या, नवी गाडी, नवे टायर आले आणि मला कुणीतरी गॅरेजामागे नळाखाली टाकून दिलं. दोन वर्षं मी तिथे पडून होतो. माझ्यात पाणी साचलं, त्यात डास झाले. एक मांजर माझ्यावर बसून ऊन खायचं आणि नखं घासायला माझा ताजा खांदाच निवडायचं. मी मनातून फार चिडलो होतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी जिवापाड काम केलं आहे, त्याला काडीची किंमत नसणं फार लागतं. कामाचा माणूस असो की वस्तू, काम संपल्यावर असं विसरू नये.

मग एके दिवशी मिस्त्री नळ दुरुस्त करायला आले आणि त्यांना कडेचा रंगाचा ठिपका दिसला. त्यांनी मला उचललं, पाणी ओतून टाकलं, साबणाने घासून धुतलं.  तेव्हापासून मी पुढच्या भिंतीवर, पान्यांच्या शेजारी टांगलेला आहे. बाई सुट्टीच्या दिवशी नव्या रायडरांना शिकवतात. गाडीवर बसायच्या आधी प्रत्येकाला डोळे मिटून माझ्यावर तळहात फिरवावा लागतो आणि सांगावं लागतं, की कुठली बाजू झिजली, कुठली राहिली, आणि याच्यावर कसं चालवाल? मग मिस्त्री स्वतः ती गोष्ट सांगतात, काहीही न लपवता. सासूबाई मध्येच पाटीचा विषय काढतात, कारण त्यांच्या मते शर्यत पाटीनेच जिंकली.

एक गोष्ट मात्र त्या घरात कायमची बदलली. मिस्त्री आता बायकोसाठी काही करायचं झालं की आधी विचारतात. गाडीचं चाक असो, बाजारातून आणायची भाजी असो, की बसच्या सीटची उंची असो. विचारल्यावर कधी कधी त्या नको म्हणतात, आणि मिस्त्री मग खरंच करत नाहीत. हे त्यांना टायर फिरवण्यापेक्षा जड गेलं असणार.

तेव्हा मित्रांनो, मी तुम्हाला एवढंच सांगेन. तुमच्या सायकलच्या टायरला आज जरा हात लावून बघा. नुसतं बघू नका, तळहात फिरवा. कुठे झिजलाय, हवा किती आहे, तेवढं तरी कळेल. आणि घरात ज्याची तुम्ही काळजी घेता, त्याला अधूनमधून विचारत जा, की तुझा भार आज कुठल्या बाजूला आहे. आपल्याला वाटतं ते आपल्याला माहीत असतं, पण नेहमी नसतं.

शिकवणी संपली की मिस्त्री मला पुन्हा खिळ्यावर टांगतात. टांगायच्या आधी ते दर वेळी मला गमतीने विचारतात, की सांग बाबा, कुठली बाजू पुढे ठेवू? मला बोलता येत नाही. मग ते आपल्याच मनाने झिजलेला खांदा बाहेरच्या बाजूला करून मला टांगतात. मला तोंड असतं, तर मीही तीच बाजू सांगितली असती.